पलीकडच्या खोलीतला खेळगडी

समजा, तुम्ही वर्गात शिरता आणि नेमक्या त्याच क्षणी सगळे खो खो हसतात. डोळे मिटा आणि ते हसणं जरा ऐका. ऐकलंत? आता पटकन सांगा, का हसले?

बहुतेकांच्या मनात पहिलं उत्तर येतं, "मलाच हसले." लगेच हात केसांकडे जातो, शर्टाची बटणं चाचपली जातात. खरं म्हणजे कुणीतरी विनोद सांगितला असेल, फळ्यावरून पाल पडली असेल. पण पहिलं उत्तर घोड्यावर बसून येतं. बाकीची उत्तरं बिचारी पायी येतात.

आता अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा, जिच्याकडे फक्त घोड्यावरचंच उत्तर यायचं. तेरा वर्षांची, काटकुळी, चालताना खांदे पुढे काढणारी. तिची मावशी तिला तडतडी म्हणायची. "तव्यावर पाण्याचा थेंब टाका नाहीतर हिला काही बोला, एकच!" असं ती शेजाऱ्यांना सांगायची. मावशी एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची, आणि तडतडी व तिचा धाकटा भाऊ तिच्याकडेच राहायचे.

एकदा तडतडी वह्या-पेनांच्या दुकानात गेली. तिच्या एका बुटाचा तळ सुटला होता आणि पाऊल टाकलं की फटक फटक वाजत होता. ती आत शिरली आणि दुकानदार हसला. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दाराजवळचं स्टूल तिने उचललं आणि काचेच्या कपाटावर घातलं. कपाटामागे एक माणूस वह्या लावत होता. त्याच्या हाताला टाके पडले.

दुकानदार कशाला हसला होता, हे तिला थेट मुलांच्या न्यायालयात कळलं. त्याच्या कानाला फोन होता आणि फोनवर त्याची दोन वर्षांची नात गाणं म्हणत होती. बूट त्याने पाहिलाही नव्हता.

न्यायाधीशबाई रागावल्या नाहीत, पण त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. तडतडीने घरीच राहावं. देखरेखीच्या ताई येतील, त्यांना सगळं खरं सांगावं. एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा वर्ग आहे, तो पुरा करावा. आणि पुन्हा कुणाला मारलं किंवा काही फोडलं, तर सुधारगृह. सुधारगृह दूर होतं आणि भेट फक्त रविवारी. तडतडीला स्वतःचं काही वाटलं नाही. पण धाकटा रोज तिच्या बाहीचं टोक मुठीत धरून झोपायचा. ती तिथे गेल्यावर तो कुणाची बाही धरणार?

तर हा वर्ग. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट मजला होता, तिथे तो भरायचा. जिन्यातच रबराच्या चिकटीचा वास यायचा आणि खाली फिरवलेल्या चाकांची टिकटिक वर्गात ऐकू यायची. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, पिकल्या केसांच्या. प्रत्येक वाक्यानंतर "का?" विचारायची त्यांना सवय होती, म्हणून मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ठेवलं काबाई. बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान आहे. का ठेवलं?"

काबाई संशोधन करत होत्या. संशोधन म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेलं उत्तर प्रामाणिकपणे शोधणं. त्यांचा प्रश्न असा होता, की एकदा चुकलेलं मूल पुन्हा चुकू नये म्हणून नेमकं काय कामाला येतं? ओरडून झालं होतं, कोंडून झालं होतं. त्याने मुलं गप्प होत, पण बदलत नसत. काबाईंना वाटत होतं, की घोड्यावरच्या उत्तराला जरा दारात थांबवायला शिकवलं, तर पुष्कळ मारामाऱ्या व्हायच्याच नाहीत. पण वाटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निम्मी मुलं वर्गात आली आणि निम्मी खेळाच्या मैदानावर गेली. दोन-तीन वर्षांनी बघायचं, कोणत्या गटातली मुलं पुन्हा अडचणीत आली. तडतडीची चिठ्ठी वर्गाची निघाली होती, म्हणूनच न्यायाधीशबाईंनी तिला तो पुरा करायला सांगितलं होतं.

वर्गात चित्रांचे पत्ते असायचे. एका पत्त्यावर एक मुलगा दुसऱ्याला धक्का देतोय आणि दुसऱ्याच्या हातातलं ताट पडतंय.

"का दिला धक्का?" काबाईंनी विचारलं.

"माज आलाय त्याला," खांब म्हणाला. खांब म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. दुसऱ्याची स्कूटर पळवून भिंतीवर आदळल्यामुळे तो इथे आला होता.

"हे पहिलं कारण. दुसरं?"

खांबाने आवाज मधाळ केला. "त्याला दिसलं नसेल हो, बिचाऱ्याला."

सगळे हसले. काबाईही हसल्या. "हे मला खूश करायला सांगितलंस. पहिलं कारण रागाचं असतं, दुसरं बाईंचं असतं. मला तुझं पाहिजे. तिसरं?"

खांबाने पत्ता जवळ ओढून पुन्हा बघितला. खाली कुणीतरी सायकलची घंटा तपासत होतं. मग तो म्हणाला, "मागून त्यालाच कुणीतरी ढकललं असेल. माझं व्हायचं तसं. लहान असताना."

त्या दिवशी काबाई "का?" म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली.

हळूहळू तिसऱ्या कारणाची तडतडीला गोडी लागली. धाकट्याने तिच्या चित्रावर पाणी सांडलं, तर ती डोळे मिटून बोटं मोजायची. एक, गाढव आहे. दोन, लहान आहे. तीन, त्याला चित्र जवळून बघायचं होतं. तिसऱ्यापाशी पोहोचेपर्यंत धाकटा पळून गेलेला असायचा, त्यामुळे मार आपोआपच वाचायचा. मावशी कपाळावर हात मारायची. "आधी ही एक तोंड चालवायची, आता तीन चालवते. काल विचारलं दूध का उतू गेलं, तर म्हणते मावशी, तुला कुठलं कारण सांगू?" पण हे सांगताना मावशीचा आवाज फार दिवसांनी हलका झाला होता.

वर्ग संपत आला तशी चाचणीची वेळ आली. मजल्याच्या टोकाला दोन छोट्या खोल्या होत्या. एकीत संगणक होता, आणि तो सांभाळणारा एक तरुण होता. त्याला सगळे यंत्रदादा म्हणायचे. खेळ सोपा होता. एक बटण दाबलं की आपल्याला चांदण्या मिळतात, दुसरं दाबलं की समोरच्याच्या चांदण्या जातात. "पलीकडच्या खोलीत तुझ्यासारखंच एक मूल खेळतंय," यंत्रदादा सांगायचा. "ते कोण, हे मात्र सांगायचं नाही."

हाच खेळ तडतडी अगदी सुरुवातीला खेळली होती. पलीकडच्याने तिच्या दोन चांदण्या घेतल्या आणि तिने दुसरं बटण असं काही बडवलं, की यंत्रदादाला ते चिमट्याने वर काढावं लागलं.

आता ती पुन्हा तिथे बसली. तिच्याआधी खांब खेळून गेला होता आणि जाताना त्याने दार जोरात आपटलं होतं. खेळ सुरू झाला. तडतडीच्या चांदण्या जायला लागल्या. एक गेली, मग आणखी एक. तिचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं, तिने एकदा दाबलंही. मग थांबली. एक, चोर आहे. दोन, खेळच आहे, जाऊ दे. तीन... तिसरं काही सापडेना. पलीकडचं मूल तिला दिसतच नव्हतं, तर कारण कुठून सापडणार? कदाचित त्याला बटणं कळली नसतील. कदाचित ते सारखं हरत असेल. इतका वेळ बंद खोलीत एकटं बसून कुणालाही कंटाळा येईल. तिने ते बटण सोडून दिलं आणि शेवटपर्यंत आपल्या चांदण्या गोळा करत राहिली.

खेळ संपला. यंत्रदादाला फोन आला म्हणून तो बोलत बोलत जिन्याकडे गेला. "बस हं इथेच," त्याने सांगितलं होतं. पण तडतडीच्या खिशात एक संत्रं होतं. तिला वाटलं, जाऊन बघावं. अर्धं त्याला द्यावं आणि विचारावं, बाबा रे, का घेत होतास?

तिने पलीकडचं दार वाजवलं. उत्तर आलं नाही. तिने दार ढकललं.

खोलीत एक घडीची शिडी होती. मोडक्या खुर्च्या एकीवर एक रचल्या होत्या. कोपऱ्यात बादली आणि फडकं. सगळ्यावर धूळ, आणि धुळीवर कुणाच्या पावलांची खूणसुद्धा नव्हती. संगणक नव्हता. वायर नव्हती. ती खिडकीपर्यंत गेली, खाली अंगणात बघितलं, पुन्हा खोलीत बघितलं. इथे कुणी मूल नव्हतं. कधीच नव्हतं.

बाळांनो, तिला काय वाटलं असेल? जिला न्यायालयापासून सगळे सांगत आले, "अगं, लोक मुद्दाम करत नाहीत," तिला आज मुद्दाम फसवलं होतं. तेही ते सांगणाऱ्यांनीच.

ती खेळाच्या खोलीत परतली. संत्रं टेबलावर ठेवलं आणि संगणकाचा पडदा दोन्ही हातांनी उचलला. जड होता. तिने तो छातीपर्यंत आणला, मग खांद्यापर्यंत. तो खाली पडला असता तर देखरेखीच्या ताईंनाही काही करता आलं नसतं. पण पडदा टेबलाला एका वायरने जोडलेला होता, ती वायर ताणली गेली आणि तडतडीला क्षणभर थांबावं लागलं. तो क्षणच कामाला आला. बाही ओढली जावी तशी ती वायर तिला वाटली. तिने पडदा खाली ठेवला, वाकडाच ठेवला, आणि आरोळी ठोकली.

"काबाई!"

काबाई धावत आल्या. वाकडा पडदा त्यांना दिसला आणि पलीकडचं सताड उघडं दारही. त्या खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या.

"तिकडे कुणीच नाही," तडतडी म्हणाली.

"नाही."

"म्हणजे माझ्या चांदण्या यंत्रच घेत होतं. मला राग यावा म्हणून."

"हो."

"म्हणजे मुद्दाम!" तिचा आवाज फाटला. "माझं पहिलंच कारण बरोबर होतं!"

"या वेळी बरोबर होतं," काबाई म्हणाल्या. "कधी कधी असतं."

तडतडीला वाटलं होतं, बाई सारवासारव करतील. त्यांनी केली नाही. मग तिने हाताची घडी घातली. "का केलंत? तीन सांगा."

काबाईंनी चष्मा काढला. "आमच्या कामात सगळे असंच करतात. असे खेळ ठरलेले असतात."

"हे पहिलं. दुसरं?"

"तुमच्याच भल्यासाठी. सगळ्यांच्या चाचण्या झाल्या की खरं सांगणारच होते."

"हे मला खूश करायला."

काबाईंना हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं. खाली चाकं टिकटिकत होती.

"मला धास्ती वाटली," त्या शेवटी म्हणाल्या. "खरं सांगितलं तर तुम्ही सगळे शहाण्यासारखे वागाल, आणि माझं शिकवणं खरंच रुजलं की नाही हे मला कळणारच नाही. मला उत्तर हवं होतं. इतकं हवं होतं, की ते उत्तर द्यायला समोर एक मुलगी बसलीय, हे विसरले. चुकलं माझं, बाळ."

तडतडीने हाताची घडी सोडली. राग गेला नव्हता, पण आता तो उभा नव्हता, बसला होता. "मी त्याला अर्धं संत्रं द्यायला गेले होते," ती पुटपुटली.

काबाईंनी टेबलावरच्या संत्र्याकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत बसल्या. "ही चाचणी बंद," त्या म्हणाल्या. "उद्या वर्गात सगळ्यांना सांगते."

"आणि हा पडदा?"

"फुटला का?"

"नाही."

"मग ताईंना मी एवढंच सांगेन, की मी खोटं बोलले आणि तुला राग आला. दोन्ही खरं आहे."

तडतडी जिना उतरली, तेव्हा तिला अंग हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. पण शेवटच्या पायरीवर कुणीतरी तिला असं ढकललं, की ती भिंतीवर आदळली.

समोर खांब उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. "तू होतीस होय! मी इथेच थांबलो होतो, म्हटलं बघू तरी कोण उतरतंय. तुला खिडकीत बघितलं मी. त्याच खोलीच्या खिडकीत! सगळ्या चांदण्या घेतल्यास माझ्या!"

खांदा ठणकत होता. तडतडीची मूठ वळली. खांबाची आधीच वळलेली होती. सायकलवाला पंक्चरचा तुकडा हातात धरून बघत राहिला. आता एक ठोसा इकडून, एक तिकडून, आणि संध्याकाळपर्यंत दोघंही सुधारगृहाच्या गाडीत. एका यंत्रापायी!

आणि नेमकं हेच तडतडीच्या मनात आलं. तिला हसूच फुटलं.

"हसतेस काय?" खांब गुरकावला.

"तुला नाही हसत. देवाशप्पथ तुला नाही. चल, दाखवते."

"काय दाखवतेस?"

"माझा चोर पण तोच आहे. चल तर! तिथे जाऊन मग मार हवं तर."

तिने त्याची बाही धरली आणि ओढतच वर नेलं. एवढा उंच मुलगा, पण मागे मागे गेला. पलीकडच्या खोलीचं दार उघडंच होतं. खांब उंबऱ्यावर थांबला. त्याने शिडी बघितली, खुर्च्या बघितल्या, बादलीत वाकून बघितलं.

"मग खेळत कोण होतं?"

"कुणी नाही. यंत्र."

"आणि मी अर्धा तास खाली उभा आहे," खांब म्हणाला, "बादलीला मारायला?"

तडतडी इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. खांब आधी चिडला, मग त्याचेही खांदे हलायला लागले. काबाई आवाज ऐकून बाहेर आल्या. खांबाने त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तुम्ही आम्हाला बनवलंत."

"बनवलं," काबाई म्हणाल्या. "उद्या सगळ्यांसमोर कबूल करणार आहे."

"उद्या?" खांबाचं हसू थांबलं. "गोट्या सकाळी खेळून गेलाय. तो म्हणत होता, माझ्या चांदण्या घेणारा मैदानवाल्यांतला कुणीतरी आहे, मला माहितीये कोण ते. संध्याकाळी मैदानावर जाऊन बघतोच त्याला, म्हणाला."

गोट्या वर्गातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात हट्टी. त्यालाही शेवटचीच संधी होती. काबाईंनी फोन काढला, लावला. गोट्याच्या घरचा फोन बंद.

"लागला तरी त्याला पटणार नाही," तडतडी म्हणाली. "फोनवर तर मोठी माणसं काहीही सांगतात."

"मग?"

"आमचं पटेल. आमच्या पण चांदण्या गेल्यात."

आणि ते निघाले. पुढे तडतडी, तिच्या बाजूला लांब ढांगा टाकणारा खांब, मागे पदर खोचून पळणाऱ्या काबाई. त्यांच्या हातात चाचणीचे कागद तसेच राहिले होते. कोपऱ्यावर एकाने विचारलं, "काय हो बाई, मुलं पळाली की काय?" काबाई धापा टाकत म्हणाल्या, "नाही, मीच मागे पडलेय."

वाटेत बँकेपाशी आल्यावर खांब म्हणाला, "खांदा दुखतोय का गं?"

"दुखतोय."

"चुकलं."

"हो," तडतडी म्हणाली. "चल लवकर."

गोट्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. ऊन अजून गॅलरीत होतं, म्हणजे संध्याकाळ व्हायला अवकाश होता. आतून बूट आपटत चढवल्याचा आवाज येत होता आणि त्याची आई विचारत होती, "अरे, खाऊन तरी जा. कुणाला बघायचंय एवढं?"

खांबाने दार धडाधडा वाजवायला हात उचलला. तडतडीने तो खाली घेतला. तिने बोटाच्या पेराने हळूच दोनदा वाजवलं, आणि दार उघडणारा चिडून येतोय हे ठाऊक असल्यामुळे, तो दचकू नये म्हणून, एक पाऊल मागे सरकून उभी राहिली.